विमानाचा तोल आणि हातातला भार



धरणगावाकडच्या काळ्या रानात नांगर धरलेला माणूस आपण रोज पाहत आलो. जाणता शेतकरी रुमण्यावर सारखा रेटा देत नाही. फाळ किती खोल जावा हे तो जू पुढेमागे बांधून आधीच ठरवतो, मग हात नुसता ठेवतो. नवशिक्याचं मनगट मात्र दुपारपर्यंत भरून येतं. विमानातही असंच आहे. तिथे या सोयीला ट्रिम म्हणतात, आणि ती जमिनीवर बसून शिकवणारी यंत्रंही आहेत.

हा विषय आता खानदेशाला परका राहिलेला नाही. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने धुळ्याच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक तयार केले. तेव्हा आपल्या शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या त्या खुर्चीत बसली तर नवल नको.

ट्रिम म्हणजे काय, ते आधी पाहू. विमानाच्या शेपटीला एक आडवी हलती फळी असते. दांडा मागे ओढला की फळी वर उचलते, शेपूट खाली दबते आणि नाक वर येतं. पण वारा त्या फळीला परत ढकलत असतो, म्हणून दांडा धरून ठेवावा लागतो. तासभर धरला तर हात आंबेल, आणि आंबलेला हात चुकतो. म्हणून त्या फळीच्या कडेला आणखी एक चिमुकली पट्टी बसवतात. वैमानिकाने चाक फिरवलं की पट्टी फळीच्या उलट दिशेला वळते; वाराच मग फळीला हवी तिथे धरून ठेवतो. जो वारा भांडत होता, तोच कामाला लागला! १९३१ सालच्या टायगर मॉथ विमानात तर अशी पट्टीही नव्हती. एका तरफेने दांड्याच्या स्प्रिंगचा ताण कमीजास्त करत.

आता शिकवणाऱ्या यंत्राकडे येऊ. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा कारखाना ऑर्गन-पियानोंचा. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीला असतो तसा भाता, तिथे मोठा. त्याच भात्यांवर लिंकने १९२९ साली लाकडी विमान बसवलं. दांडा हलवला की भात्यांत हवा भरे किंवा निघे आणि विमान डुले, झुके. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून घेतलं. १९३४ साली मात्र अमेरिकेत टपालाची विमानं लष्कराकडे आली, आणि धुक्यात नि हिमवर्षावात थोड्याच आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक मेले. मग लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली. महायुद्धात त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. इतकी माणसं गेल्यावर खेळण्याची किंमत कळली, हे काही भूषणावह नाही.

पुढे असा सराव घरच्या संगणकावर होऊ लागला. सोय मोठी, पण फसगतही इथेच आहे. खऱ्या विमानात ट्रिम लावली की दांडा आहे तिथेच राहतो, फक्त हातावरचा भार उतरतो. टेबलावरच्या स्वस्त दांड्याला साधी स्प्रिंग असते. ट्रिम कशीही असो, तो मध्यावरच परततो. म्हणून तिथे एका हाताने ट्रिम फिरवताना दुसऱ्या हाताने दांडा हळूहळू सैल सोडावा लागतो. हे न सांगितलेला मुलगा दांडा धरूनच चाक फिरवतो, नाक उसळतं, तो उलट फिरवतो, नाक कोसळतं. मग चाकानेच विमान हाकायची खोड लागते. क्रम असा: आधी दांड्याने नाक क्षितिजाशी ठरवा, इंजिनाचा जोर ठरवा, वेग स्थिरावू द्या, आणि शेवटी ट्रिम. तीही चिमूटभर. ट्रिम उंची सांभाळत नाही, वेग सांभाळते. इंजिनाचा जोर वाढवलात तर विमान जवळजवळ त्याच वेगाने वर चढू लागतं.

खरा धोका उतरताना आहे. वेग कमी, ट्रिम नाक वर धरणारी, आणि अचानक उतरणं रद्द करून इंजिनाला पूर्ण जोर दिला, तर नाक झपाट्याने वर उसळतं. त्या क्षणी दांडा ठामपणे पुढे दाबून मग ट्रिम काढावी लागते. नाहीतर वेग मरतो, पंखांचा आधार तुटतो, आणि जमीन जवळ असते. टेबलावर हा प्रसंग दहा वेळा करता येतो, एकही जीव न जाता. पण तो जोर किती असतो, हे साध्या स्प्रिंगवरून हाताला कळत नाही. विमान कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांत तो भार मुद्दाम उत्पन्न केलेला असतो. धावपट्टीवर जाणाऱ्याने एवढी उणीव मनात धरून जावं आणि शिक्षकाजवळ बसून तो प्रसंग उंचावर, सुरक्षित जागी करून घ्यावा.

गुरुजनांना वर्गात दाखवायचं असेल तर एक कागदी विमान पुरे. ते सोडा आणि कुठे पडतं ते पाहा. मग पंखांच्या मागच्या कडा नखभर वर मुडपा आणि तितक्याच जोराने पुन्हा सोडा. जास्त मुडपल्या तर ते नाक वर करून थांबेल नि पडेल. किती मुडपल्यावर ते सरळ जातं, हे मुलांनाच शोधू द्या.