टेड लिंडसे : बर्फावरचा कामगार

खेळाडू हाही कामगारच, असे म्हटले की पुष्कळांना हसू येते. त्यांनी टेड लिंडसेची कारकीर्द पाहावी.

पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर खेळायच्या हॉकीत कॅनडात जन्मलेला हा गडी १९४४ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघात आला. सिड एबल, गॉर्डी हाऊ आणि तो, या त्रिकुटाला मोटारींच्या त्या शहरात 'प्रॉडक्शन लाइन' असे कारखान्यातलेच नाव पडले. १९५० ते १९५५ या काळात संघाने चारदा स्टॅनले चषक जिंकला.

परंतु साऱ्या लीगमध्ये संघ अवघे सहा. मालकाने दार लावले तर जायचे कुठे? निवृत्तिवेतनाच्या निधीत खेळाडू पदरचे पैसे भरीत. हिशेब मागावा तर वह्या उघडल्या जात नसत. म्हणून फेब्रुवारी १९५७ मध्ये लिंडसेने मॉन्ट्रियलच्या डग हार्वेसारख्यांना घेऊन खेळाडूंची संघटना उभारली.

त्या हंगामात त्याने ३० गोल केले, ५५ गोलांना साहाय्य दिले. एवढी कामगिरी त्याने पूर्वी कधी केली नव्हती. तरी जुलैत त्याची रवानगी तळाच्या शिकागो संघात झाली. नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या त्याच्याच सोबत्यांनी संघटना सोडली. मालकांनी पुढारी हलवला. कणा मोडला तो या माघारीने. फेब्रुवारी १९५८ मध्ये तडजोड होऊन संघटना संपली, मात्र ७००० डॉलरांचे किमान वेतन पदरात पडले.

१९६७ साली खेळाडूंची नवी संघटना उभी राहिली. लिंडसे २०१९ साली वारला. खेळाडू स्वतःच्या मतांनी निवडतात त्या सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकाला २०१० पासून त्याचेच नाव आहे.