मोझेलकाठचे तेहतीस वृद्धांचे घर

जर्मनीतील मोझेल नदीच्या एका वळणावर, पाटीच्या दगडाच्या उभ्या डोंगरउतारांवर द्राक्षमळे पसरले आहेत. खाली एका तीरास बेर्नकास्टेल व समोरच्या तीरास कूस अशी दोन गावे आहेत. १९०५ साली ती एक झाली.

कूस येथे १४०१ साली, नौकांवर निर्वाह करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरी निकोलस यांचा जन्म झाला. विद्वत्तेच्या बळावर ते १४४८ साली कार्डिनल व पुढे ब्रिक्सेनचे बिशप झाले. तथापि आपल्या जन्मगावाचा त्यांस विसर पडला नाही. १४५८ साली त्यांनी तेथे गरीब वृद्धांकरिता आश्रम स्थापिला. प्रभू येशूच्या ऐहिक आयुष्याच्या वर्षांइतकेच, म्हणजे तेहतीस पुरुष तेथे राहावेत व त्यांचे वय पन्नासांहून कमी नसावे, असा नियम ठरला. खर्चाची तजवीज जमिनी व द्राक्षमळे यांच्या उत्पन्नातून केली.

१४६४ साली इटलीतील तोदी येथे त्यांचे देहावसान झाले. देह रोमेत विसावला. हृदय मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे आश्रमाच्या प्रार्थनामंदिरात आणून पुरण्यात आले. पुढे फ्रेंच राज्य आले आणि गेले, प्रशियाचेही गेले. तो आश्रम आजही वृद्धांस आसरा देत आहे.

वाचकहो, पन्नाशी ओलांडलेल्या आम्हांस तो नियम वाचून क्षणभर हसू आले आणि मग विचार पडला. ज्युबिलीच्या दिवशी आपण मंदिराची वर्षे मोजतो. आपल्या धर्मग्रामातील निराधार वृद्धांपैकी किती जणांस आपण आसरा दिला, हेही आपण मोजू या.