बटणाची मागील बाजू

शोभेच्या बटणांचा संग्रह हा फावल्या वेळचा छंद समजला जातो, आणि म्हणून इतिहासाचा अभ्यासक त्याकडे सहसा वळत नाही. वस्तुतः कपडे विरून गेले, कित्येक कारखान्यांची दप्तरे नाहीशी झाली, परंतु बटणे मात्र उरली. आणि ती उरली ती मुख्यतः संग्राहकांमुळे. अर्थात कोणती बटणे जपावयाची हे ज्यांनी ठरविले, त्यांचा निकष काय होता, हे त्या साधनाचा उपयोग करण्यापूर्वी तपासले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मुली निरनिराळी बटणे दोऱ्यात ओवीत. हजारावे बटण भावी वर घेऊन येतो, अशी कथा त्याविषयी सांगितली जाते. ती गोड असली तरी पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याजोगी नाही. छंदास संघटित रूप आले ते १९३८ साली, नॅशनल बटन सोसायटीच्या स्थापनेने. मंदीचे ते दशक. घरच्या शिवणपेटीत फुकट सापडणाऱ्या वस्तूंचा छंद कोणासही परवडण्यासारखा होता. संस्थेने स्पर्धांसाठी नियम घालून दिले. ९ × १२ इंचांच्या पुठ्ठ्यावर बटणे बसवावयाची, द्रव्य, चित्रविषय, आकार यांनुसार त्यांचे वर्ग पाडावयाचे, आणि १९१८ पूर्वीची बटणे एका विभागात, नंतरची ‘आधुनिक’ दुसऱ्या विभागात ठेवावयाची.

या पद्धतीने बटणाचा दर्शनी भाग तेवढा समोर राहिला. कोटावरून कापून काढताच ते कोणाच्या अंगावर होते हा प्रश्न संपला, आणि पुठ्ठ्यावर बसविताच पाठ दिसेनाशी झाली. इतिहासकारास पाठच अधिक उपयोगी. तेथील कडी कशी जडविली आहे यावरून बनावटीचा काळ अजमावता येतो. इंग्लंडमध्ये मुलामा दिलेल्या बटणांच्या पाठीवर मुलाम्याचा दर्जा कोरीत असत. त्यात ग्राहकांची फसवणूक इतकी होऊ लागली की १७९६ साली पार्लमेंटला त्यासाठी कायदा करावा लागला. मॅथ्यू बोल्टनच्या सोहो येथील कारखान्यातील पोलादी बटणांची, वेजवुडच्या निळ्या-पांढऱ्या पदकांच्या कोंदणांची वाखाणणी सर्वत्र होते. बर्मिंगहॅमच्या बाजारातील हे लबाडीचे प्रकरण मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

कालविभागाची रेषाही अशीच तपासून घेण्याजोगी आहे. १८६१ साली प्रिन्स अल्बर्टच्या निधनानंतर व्हिक्टोरिया राणीने आमरण सुतक पाळले आणि काळ्या बटणांची मागणी वाढली. व्हिटबीचा खरा जेट महाग. म्हणून बोहेमियातील गाब्लोंझ (याब्लोनेत्स) भागात काळ्या काचेची बटणे विपुल होऊ लागली. जेट हलका व हातास उबदार लागतो, काच जड व थंड लागते. तरीही पुष्कळ संग्रहांत काचेलाच जेट म्हटलेले आढळते. १९१८ मध्ये हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून चेकोस्लोव्हाकियात गेले, पण कारागीर तेच राहिले. खरा खंड पडला तो १९४५ नंतर, जर्मनभाषकांना तेथून हाकलण्यात आले तेव्हा. त्यांपैकी अनेकांनी बव्हेरियात काउफबोयरेनजवळ नोइगाब्लोंझ वसवून तोच धंदा पुन्हा उभारला. संग्राहकांच्या ‘आधुनिक’ काचेच्या बटणांत या निर्वासितांची कामगिरी आहे, आणि वर्गीकरणात तिला नाव नाही.

सर्वांत मोठी उणीव साध्या बटणांची. जर्मन कारागीर जॉन बोपल याने १८९१ च्या सुमारास आयोवा राज्यातील मस्कटाइन येथे मिसिसिपीच्या शिंपल्यांपासून बटणे करण्यास आरंभ केला. आयात बटणांवर १८९० साली बसलेल्या जबर जकातीने त्यास हात दिला. १९०५ साली या एका गावातून सुमारे दीडशे कोटी बटणे बाहेर पडली. भिजविलेल्या शिंपल्यांतून नळीसारख्या करवतीने चकत्या काढावयाच्या, घासावयाच्या, छिद्रे पाडावयाची, निवडावयाची, पुठ्ठ्यांवर शिवावयाची; यांतील पुढची कामे बहुतांशी स्त्रियांकडे. मजुरी नगावर, मोजणी मालकाची, म्हणून तंटा अटळ होता. १९११ साली तो टाळेबंदी आणि संपापर्यंत पोहोचला. इकडे नदीतील शिंपले संपत आले. त्यांची पैदास वाढविण्यासाठी फेअरपोर्ट येथे सरकारी केंद्र निघाले. त्या कामावर असलेल्या खुद्द बोपलच्या पायास शिंपल्याची धार लागली, जखम चिघळली, आणि १९१२ साली तो मरण पावला. पुढे प्लॅस्टिकने हा धंदा संपविला.

शर्टाची ही चार छिद्रांची पांढरी बटणे एकसारखी, चित्रहीन. पारितोषिकांच्या पुठ्ठ्यावर कोरीव शिंपल्यास मान मिळतो, यांना नाही. त्यांची चौकशी करावयाची तर मस्कटाइनच्या संग्रहालयात जावे लागते, किंवा नदीच्या काठी. चकत्या काढून घेतलेले, गोल भोके पडलेले शिंपले तेथे अद्याप सापडतात.