निवडीचे गणित आणि परभणीची शेते
उत्क्रांतीचे गणित परभणीत जीवशास्त्राच्या वर्गातून नव्हे, वनस्पती पैदास शिकवणाऱ्या शेतकी वर्गातून आले. 1918 साली सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम आणि उंची-वजनासारखे सलग बदलणारे गुण एकाच गणितात बसवले. योगायोग असा, की निजामाच्या राज्यातले परभणीचे प्रयोगक्षेत्रही त्याच साली सुरू झाले. पुढे इंदूरला कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे आणि सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्या 1954 च्या पुस्तकाने ही पद्धत देशभरातल्या शेतकी विद्यार्थ्यांपर्यंत नेली. 1972 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झाले, तोवर ती रुळलेली होती. सूत्र साधे आहे: निवडलेल्या झाडांना सरासरीपेक्षा 10 बोंडे जास्त असतील आणि आनुवंशिकता 0.3 असेल, तर पुढच्या पिढीत वाढ मिळते 3 बोंडांची. बाकीची 7 मुख्यतः खत-पाण्याची कमाई. ती बियाण्यात उतरत नाही.

कुणी म्हणेल, ही माणसाने केलेली निवड. हिला उत्क्रांती कशाला म्हणायचे? पण निवडणारा कोण, हे सूत्र विचारतच नाही. शिवाय शेतात निवड एकटा माणूस करत नाही. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी रानटी नातलगाशी संकर करून केवड्याला, म्हणजे पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला, दाद न देणारी म्हणून काढली गेली. काही वर्षांतच तिच्यावरही केवडा दिसू लागला: माणसाने भेंडी निवडली, आणि भेंडीने तिला पुरून उरणारा विषाणू. त्याआधी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या जुन्या वाणाचेही तेच झाले होते.