तक्रारपेटीची किल्ली

हा भाग यायला जरा उशीर झाला, कारण मधले काही रविवार मी माझ्याच एका फसलेल्या प्रोजेक्टच्या मागे होतो. आधी तो सांगतो, मग वॉर्साला जाऊ.

मी आणि माझे दोन मित्र रविवारी एका बालगृहात कॉम्प्युटर शिकवायला जातो. नाव-गाव सांगत नाही. तिथल्या व्हरांड्यात एक सूचनापेटी आहे, पत्र्याची, कुलूप लावलेली. तिच्यात कोणी काही टाकत नाही. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, अडचण पेटीची आहे. मग एका टॅबवर छोटंसं अ‍ॅप करून दिलं. नाव न देता तक्रार लिहा, सूचना लिहा, स्मायली निवडा. तीन आठवड्यांत अकरा नोंदी आल्या. त्यातल्या नऊ नुसत्या 'हाय' होत्या, एकात क्रिकेटचा स्कोअर होता. अकरावी अशी होती: "दादा, हे वाचतं कोण?"

वाचणारा मीच होतो, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. जेवणात काय असावं, सहलीला कोणी जावं, यातलं मी काय ठरवणार? म्हणजे कुलूपवाल्या पेटीच्या जागी मी पासवर्डवाली पेटी बसवली होती, एवढंच.

त्या प्रश्नाच्या नादात मी वाचत गेलो आणि यानुश कोर्चाकपाशी पोचलो.

१९१२ साली वॉर्सात, क्रोखमाल्ना नावाच्या रस्त्यावर ९२ नंबरच्या इमारतीत, ज्यू अनाथ मुलांचं एक घर सुरू झालं. पोलिशमध्ये 'दोम शेरोत', म्हणजे अनाथांचं घर. मुलं साधारण शंभर. चालवणारे दोघं. एक कोर्चाक, मुलांचे डॉक्टर आणि लेखक. हे त्यांचं टोपणनाव, खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित. दुसऱ्या स्टेफानिया विल्चिन्स्का. नाव कोर्चाकचं झालं, पण रोजचा गाडा ओढला तो मुख्यतः या बाईंनी. पहिल्या महायुद्धात डॉक्टर लष्करात गेले तेव्हा घर त्यांनीच सांभाळलं.

या घरात मुलांचं कोर्ट होतं. खेळातलं नाही, खरोखरचं. कोणी मारलं, वस्तू घेतली, चिडवलं, की तक्रार फळ्यावर लिहायची. न्यायाधीश पाच, सगळी मुलंच. निवड चिठ्ठ्या टाकून, आणि चिठ्ठीत नाव फक्त त्याचं, ज्याच्यावर त्या आठवड्यात एकही खटला नाही. मोठ्या माणसाचं काम कारकुनाचं: जबान्या लिहून घ्यायच्या, वाचून दाखवायच्या. निकालात त्याला मत नाही. मला तरी हीच या कोर्टातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. आपल्याकडे 'मुलांचा कार्यक्रम' म्हटलं की माइक मोठ्यांच्याच हातात असतो.

कायद्याचं पुस्तक कोर्चाकनं लिहिलं. कलमं १ ते १०००. पण पहिली ९९ कलमं माफीची किंवा खटला सोडून देण्याची. शंभराव्या कलमापासून 'तू चुकलास' म्हणायला सुरुवात, आणि मग आकडे शंभर-शंभरानं उड्या मारत वर जातात. हजारावं कलम म्हणजे घर सोडून जाणं.

हे कोर्ट लावलं आणि चाललं, असं मात्र झालं नाही. काही महिन्यांत गाडी अडखळली. कोर्चाकनं ते चार आठवडे बंद ठेवलं आणि मग दुरुस्त्या करून पुन्हा सुरू केलं. (माझ्या भाषेत व्हर्जन दोन.) एक, निकाल पटला नाही तर महिन्यानंतर पुन्हा दाद मागता येईल. दोन, काही अवघड खटले वेगळ्या मंडळाकडे जातील. तिसरी दुरुस्ती ऐका: मुलांना मोठ्यांवर, म्हणजे घर चालवणाऱ्यांवरही, खटला भरता येईल.

आणि यात डॉक्टर स्वतःही सुटले नाहीत. त्यांनीच लिहून ठेवलंय की सहा महिन्यांत पाच वेळा त्यांनी स्वतःला या कोर्टापुढे उभं केलं. एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून, एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून, एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून आणि एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. पाचही वेळा निकाल माफीच्या कलमांतला. आज आपल्या ओळखीतला कुठला मास्तर किंवा मॅनेजर हे करेल, सांगा बरं.

१९२६ मध्ये कोर्चाकनं मुलांनी लिहिलेलं साप्ताहिकही सुरू केलं, 'मावी प्शेग्लॉन्द' म्हणजे 'छोटा आढावा'. एका मोठ्या वर्तमानपत्राची ती पुरवणी. १ सप्टेंबर १९३९ ला, ज्या दिवशी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला, त्या दिवशी तिचा शेवटचा अंक निघाला.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. ज्यूंना घेटोत कोंडलं, घर घेटोत हलवलं गेलं. जुलै १९४२ मध्ये तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं, त्या घरात कोंडलेल्या आजारी अमलचं नाटक. ऑगस्टमध्ये सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाला नेलं. स्वतःचा जीव वाचवण्याची संधी कोर्चाकनं नाकारली होती. ते आणि स्टेफानियाबाई मुलांबरोबर गेले. यावर मी जास्त बोलत नाही. या शेवटापुढे ते कोर्ट झाकोळून जातं, आणि मला आज कोर्टाबद्दलच बोलायचंय.

१९७८ मध्ये याच पोलंडनं संयुक्त राष्ट्रांपुढे बालहक्कांच्या कराराचा प्रस्ताव मांडला. २० नोव्हेंबर १९८९ ला करार मंजूर झाला. त्याचं १२ वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला मत मांडता आलं पाहिजे, आणि वय-समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. मग आपला बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याचे २०१६ चे आदर्श नियम.

हे नियम मी एका रात्रीत वाचून काढले आणि थक्क झालो. प्रत्येक बालगृहात फक्त मुलांच्या बालसमित्या हव्यात, वयोगटाप्रमाणे. दिनक्रम आणि जेवणाचा तक्ता ठरवण्यात त्यांचा भाग हवा. संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर त्यांचे प्रतिनिधी हवेत. आणि पेटी! ती ऑफिसपासून लांब, मुलं राहतात तिथे हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे. आणि आठवड्यातून एकदा तरी ती बालसमितीच्या मुलांसमोर उघडायची. ज्यानं हा नियम लिहिला, त्याला माझ्या अकराव्या नोंदीचा प्रश्न आधीच माहीत होता.

आमच्या पेटीची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. अधीक्षक मॅडमना नियमाची प्रिंट दाखवली. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "अरे, माणसं आहेत का माझ्याकडे?" तेही खोटं नव्हतं. तरी त्यांनी जिल्हा कार्यालयाला पत्र पाठवलं, आणि तोवर दर रविवारी बालसमितीची बैठक घ्यायला हो म्हणाल्या. बैठकीत टॅब मधोमध ठेवायचा, नोंदी एका मुलीनं मोठ्यानं वाचायच्या, मॅडमनी तिथेच उत्तर द्यायचं, मी लिहून घ्यायचं. मारहाणीसारखं काही असेल तर मात्र ते चारचौघांत वाचायचं नाही. त्यासाठी १०९८ हा नंबर आहे, हे आम्ही मुलांना आधीच सांगितलं.

पहिल्या बैठकीला सात नोंदी होत्या. आंघोळीच्या गरम पाण्याबद्दल दोन. दहावीच्या मुलांना रात्री दिवा जास्त वेळ हवा, एक. मॅडमनी दिव्याला लगेच हो म्हटलं, पाण्याला मुदत मागितली. चौथी नोंद माझ्यावर होती. "दादा दहाला येतो म्हणतो आणि अकराला येतो. आम्ही तोंड धुऊन बसलेलो असतो."

मी ट्रॅफिकचं सांगायला तोंड उघडलं. वाचणारी मुलगी म्हणाली, "दादा, तू लिहून घे."