पायाचं नख पिवळं, जाड झालंय? बुरशीवर उपचार कोणते, गुण यायला किती दिवस, खबरदारी काय? वाचा सविस्तर

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पावसाच्या पट्ट्यात रोप लावण सुरू झाली की दिवसदिवस पाय चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, चार दिवस काहीतरी लावलं जातं आणि खाज थांबली की विषय संपतो. काहींच्या अंगठ्याचं नख मात्र त्यानंतर हळूहळू पिवळं पडतं, जाड होतं, पुढून भुसभुशीत होऊन तुटायला लागतं. दुखत नाही म्हणून वर्ष-दोन वर्षं कुणी लक्ष देत नाही. मग एक दिवस मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. महिनाभर लावूनही नख तसंच दिसतं आणि 'औषधाला गुण नाही' म्हणून ती बाजूला पडते.

इथंच बहुतेकांची फसगत होते. नखाच्या बुरशीचा उपचार महिन्याचा नाही, वर्षाचा असतो. तो कसा, ते समजून घेऊ.

बुरशी नखात शिरते कशी?

बहुतेक वेळा गजकर्णाच्या जातीचीच बुरशी नखात जाते. आधी ती बोटांच्या बेचक्यात किंवा तळपायावर वाढते आणि तिथून नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते. सतत ओले पाय, दिवसभर गमबूट किंवा घट्ट बूट, ठेच लागून सुटलेलं नख, वाढतं वय आणि शुगर, या गोष्टी तिला मदत करतात. घरातल्या एकाची बुरशी एकच नेलकटर, टॉवेल किंवा चप्पल वापरल्यानं दुसऱ्याला होऊ शकते.

प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं

खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस, जुनी ठेच, घट्ट बूट किंवा वयाचा परिणाम असतो. त्यामुळे नुसतं बघून किंवा मोबाइलवर फोटो पाठवून गोळ्या सुरू करणं बरोबर नाही.

तपासणी सोपी आहे. नखाचा तुकडा आणि नखाखालचा भुसा घेऊन तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीची जात ओळखायची असेल तर नमुना वाढवून बघावा लागतो, त्याला काही आठवडे लागतात. तपासणीआधी काही दिवस नखाला औषध लावलेलं असेल तर डॉक्टरांना सांगावं, कारण त्यानं निकाल चुकू शकतो.

नखात काळी उभी रेघ आली असेल आणि ती रुंद होत असेल, तर वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. ठेचेचं काळं रक्त नखाबरोबर पुढं सरकत जातं. रेघ जागच्या जागी राहून वाढत असेल तर ती कॅन्सरची असू शकते.

उपचार कोणते?

१) नखाला लावायचं औषध: एक-दोनच नखं खराब असतील, निम्म्यापेक्षा कमी भाग बिघडला असेल आणि नखाचं मूळ चांगलं असेल, तर याचा उपयोग होतो. नेहमीची मलमं जाड नखातून आत जात नाहीत, म्हणून नेलपॉलिशसारखं लावायचं औषध मिळतं. अमोरोल्फिन ५ टक्के हे नख घासून आठवड्यातून एक-दोनदा लावतात. पायाच्या नखाला ९ ते १२ महिने लागतात. सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज लावावं लागतं, तेही जवळपास वर्षभर. पोटात काही जात नसल्यानं धोका कमी, पण गोळ्यांच्या मानानं गुणही कमी.

२) पोटातून घ्यायच्या गोळ्या: जास्त नखं किंवा मुळापर्यंत नख खराब असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. टर्बिनाफिन २५० मिलीग्रॅमची रोज एक गोळी, हाताच्या नखासाठी ६ आठवडे आणि पायाच्या नखासाठी १२ आठवडे, हा नेहमीचा क्रम आहे. दुसरं औषध इट्राकोनाझोल. ते बऱ्याचदा महिन्यातून एक आठवडा घ्यायचं आणि तीन आठवडे बंद, असं पायाच्या नखासाठी तीन महिने देतात. फ्लुकोनाझोल आठवड्यातून एकदा घेतात, पण ते बरेच महिने चालतं.

या गोळ्या लिव्हरवर परिणाम करू शकतात. सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी होते. कावीळ होऊन गेली असेल, दारूची सवय असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगावं. हृदय कमकुवत असणाऱ्यांना इट्राकोनाझोल चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं जमत नाही. रोजच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांकडे घेऊन जाणं सगळ्यात बरं. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली किंवा तोंडाची चव गेली तर गोळी थांबवून लगेच दाखवावं.

केटोकोनाझोलची गोळी नखासाठी घेऊ नये. लिव्हरला होणाऱ्या इजेमुळे अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१३ सालीच त्वचा आणि नखांच्या बुरशीसाठी तिचा वापर थांबवायला सांगितला.

३) नख पातळ करणं किंवा काढणं: फार जाड नख घासून किंवा ४० टक्के युरियाच्या मलमानं मऊ करून कमी करतात. हे औषधी मलम असतं, खताचा युरिया नव्हे. काही वेळा बधिर करून नख काढतात. पण नुसतं नख काढून बुरशी जात नाही, सोबत औषध लागतंच.

४) लेसर: शहरात काही ठिकाणी करतात. खर्च मोठा, अनेकदा जावं लागतं आणि बुरशी कायमची जाते याचा भक्कम पुरावा नाही. कर्ज काढून करण्यासारखा हा उपचार नाही.

५) काहीच न करणं: हाही पर्याय आहे. वय झालेलं आहे, आधीच चार गोळ्या चालू आहेत, नख दुखत नाही आणि शुगर नाही, अशा वेळी नख नीट कापून, पाय कोरडा ठेवून राहायचं, असं डॉक्टरशी बोलून ठरवता येतं.

गुण आला हे ओळखायचं कसं?

पायाचं नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात. करपलेलं पान फवारणीनं पुन्हा हिरवं होत नाही, नवी फूट निरोगी येते का हेच बघावं लागतं. नखाचंही तसंच. बुरशी मेली तरी बिघडलेला भाग बिघडलेलाच राहतो आणि वाढत वाढत कापून जातो.

गोळ्या तीन महिन्यांत संपतात, नख मात्र खराबच दिसतं, म्हणून लोक घाबरतात. औषध नखात पुढं काही महिने टिकून राहतं आणि काम करत असतं. महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर नखाचा फोटो काढून ठेवावा. मुळाकडून स्वच्छ नख पुढं सरकताना दिसलं तर उपचार लागू पडतोय. चार-सहा महिन्यांतही मुळाशी स्वच्छ नख दिसलं नाही तर परत दाखवावं. सगळ्यांचं नख पूर्वीसारखं होतंच असं नाही, आणि काहींना बुरशी पुन्हाही होते.

हे करू नये

* मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नये. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली आहे. अशा मलमांच्या वापरामुळे देशात गजकर्ण चिवट झालं असून नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी वाढली आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.
* शेतातलं बुरशीनाशक, मोरचूद, रॉकेल किंवा ॲसिड पायाला लावू नये. कातडी भाजते आणि जखम चिघळते.
* शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. स्वतःचा कोर्सही अर्ध्यात सोडू नये.
* खोबरेल, हळद किंवा व्हिनेगरनं नखातली बुरशी बरी होते असा पक्का पुरावा नाही. त्यावर वर्ष घालवू नये.

शुगर असेल तर थांबू नका

शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. जाड नख शेजारच्या बोटाला रुततं, जखम होते आणि कळतही नाही. तिथून जंतू शिरून पाय सुजतो आणि वेळेत उपचार नाही झाला तर बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. अशांनी स्वतः ब्लेडनं नख कोरू नये. रोज रात्री पाय उजेडात बघावेत, दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं. लाली, सूज, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

परत होऊ नये म्हणून

रानातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. चिखल्यांवर वेळेत उपचार करावा, कारण नखातली बुरशी तिथूनच येते. गमबूट रात्री उलटे करून वाळवावेत, मोजे रोज धुवून उन्हात घालावेत. खराब नखासाठी नेलकटर वेगळं ठेवावं. घरात आणखी कुणाला गजकर्ण असेल तर सगळ्यांचा उपचार एकदमच करावा.

दाखवायचं कुठं?

आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथं शुगर तपासून घेता येते. गरज पडली तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जाता येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बाहेरून औषध घ्यायचं असेल तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची जेनेरिक गोळी मिळते का, हे आधी विचारावं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणतीही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.)