मडगार्ड, काळी माती आणि लुगडं

मडगार्ड हा शब्द मराठीने जसाच्या तसा उचलला आणि वाशीम जिल्ह्यात आम्ही त्याचं 'मडगाड' करून टाकलं. चिखलापासून राखण करणारं ते मडगार्ड, असा त्याचा सरळ अर्थ. पण रिसोड तालुक्यात, पैनगंगेकाठच्या काळ्या शिवारात पावसाळे काढलेल्या कोणालाही विचारा, मोटारसायकलचं चाक वावराच्या वाटेवर अडतं ते बहुतेक वेळा याच राखणदारापायी. जुन्या गाड्यांची मागची मडगार्डं निरखायची मला सवयच लागली आहे. कापलेली, उचललेली, पुन्हा जोडलेली, आतून डांबर फासलेली. कंपनीतून निघाली तशीच्या तशी राहिलेली फार थोडी सापडतात. हा सगळा फेरफार कुठल्या कारखान्यात झाला नाही, घरच्या अंगणात झाला, आणि तो हौसेखातर नव्हता.

दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेल्या आमच्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की ती टायरला चिकटते, मग स्वतःलाच चिकटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक थर चढतो. टायर आणि मडगार्ड यांच्यातली दोनतीन बोटांची फट भरते, वरून माती दाबली जाते आणि इंजिन ओरडत असतानाही चाक फिरत नाही. मग खाली उतरायचं, धुऱ्यावरची पऱ्हाटी उपटायची आणि कोरत बसायचं. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. बैलगाडीला हे दुखणं नव्हतं. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव आणि वर आभाळ. चढलेली माती आपल्या वजनाने गळून पडायची.

मडगार्ड आलं ते बांधलेल्या रस्त्यांच्या देशांतून. १८८८मध्ये डनलॉपने हवेचं टायर आणल्यावर सायकली वेगाने धावू लागल्या, आणि ओल्या रस्त्यावरचं पाणी पाठीवर उडू नये म्हणून चाकावर पत्रा आला. तोच पुढे मोटारसायकलवर गेला. इंग्लंडच्या रेडिचची बुलेट १९५५पासून मद्रासला बनू लागली, चेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१मध्ये म्हैसूरला आली आणि पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून एस्कॉर्ट्सने राजदूत काढली. या गाड्यांची मडगार्डं खोल, दोन्ही बाजूंनी चाकावर उतरलेली. डांबरी रस्त्यावरच्या पाण्यासाठी ती उत्तमच होती. आमच्या पांदणीवर मात्र त्या खोल पत्र्याचं भांडं होई आणि त्यात माती भरे.

आमच्या घरी १९८०च्या दशकात जुनी राजदूत आली. पहिल्याच पावसाळ्यात बाबा ती धुऱ्यावर टाकून पायी घरी आले. "वावरात नेता येत नसन तं गाडी घेतली कायले?" असं आजोबा म्हणाले, आणि रविवारी अंगणात पोतं अंथरून मागचं मडगार्ड उतरवलं गेलं.

बाबांची पद्धत आज आठवली तरी तिच्यातलं शहाणपण जाणवतं. उतरवण्याआधी त्यांनी आम्हा दोघा भावंडांना आणि एका शेजाऱ्याला सीटवर बसवून फट मोजली होती. कारण रिकाम्या गाडीची फट खोटी असते. वजन पडलं की शॉकअब दबतात, चाक वर येतं आणि मोकळी दिसणारी जागा निम्मी होते. मग लांब बोल्ट घेऊन, मध्ये पाइपाचे तुकडे घालून मडगार्ड जेवढं उचलता येईल तेवढं उचललं. बाजूचे पदर खडूने आखून हॅक्सॉने चारचार बोटं कापले आणि शेपटाचाही वीतभर तुकडा काढला. कापलेली कड कानशीने घासून, आत तार घालून दुमडली. पातळ पत्र्याची उघडी कड कंप पावून तडकते, म्हणून. बोल्टच्या भोकापाशी एक जुनी तडा होती, तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. शेवटी रेड ऑक्साइड आणि आतून जळकं ऑइल. ऑइलाने माती कमी चिकटते. आणि मडगार्ड गंजतं ते आतूनच, अडकलेल्या ओल्या मातीने.

त्या पावसाळ्यात गाडी वावरापर्यंत गेली. बाबा खूश होते.

दिवाळीनंतर माय त्यांच्या मागे बसून लग्नाला निघाली. बायकांनी एका बाजूला पाय सोडून बसायचं, ही रीत. पत्र्याचा जो पदर बाबांनी कापला होता त्याच जागी तिच्या लुगड्याचा काठ आऱ्यांत गेला. गाडी हळू होती म्हणून माय कोपर आणि गुडघा फोडून वाचली. तोवर आमच्यापैकी कोणीही त्या पत्र्याचा हा दुसरा उपयोग ध्यानात घेतला नव्हता. मोजणी करताना सीटवर बसलो ती आम्ही पोरं आणि एक पुरुष, दोन्हीकडे पाय टाकून. मायला बसवून कोणी पाहिलंच नाही.

माझ्या मते आमच्याकडच्या मागच्या मडगार्डाचा इतिहास या ओढाताणीतच आहे. मातीला चाक उघडं हवं, लुगड्याला झाकलेलं. युरोपातल्या आराखड्यात दोन्ही नव्हते. कायद्याने यातली एक बाजू नंतर नोंदवली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं साधन हवं. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. मातीबद्दल तो नियम काही बोलत नाही. बाबांनी तोडगा त्याआधीच काढला होता. गजाची चौकट डाव्या बाजूला, तिच्यावर आडव्या सळ्या, मधून माती गळेल आणि कापड आत जाणार नाही एवढ्या अंतरावर. ते अंतर त्यांनी मायच्या लुगड्याचा काठ धरूनच ठरवलं.

मडगार्ड कापण्याची हौस अमेरिकेत १९३०-४०च्या दशकांत रुजली. गाडी हलकी व्हावी म्हणून पुढचं काढायचं, मागचं आखूड करायचं. त्या गाड्यांना बॉबर म्हणतात. हे व्हिडिओ पाहून आता माझा पुतण्या त्याच्या बुलेटचं शेपूट उडवायला निघाला आहे. हॅक्सॉ तोच, आजोबांचा. मी त्याला सांगितलं की २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येकी पाच हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साडीगार्ड तर काढूच नको. तो हसला. नंबरप्लेटही त्याला वर सरकवायची आहे. त्या प्लेटचीही गंमत आहे. बासीम जिल्हा १९०५मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम म्हणून परत आला. म्हणून आमच्याकडच्या काही जुन्या गाड्यांच्या मडगार्डावर अकोल्याचा ३० आहे, पुतण्याच्या मडगार्डावर वाशीमचा ३७.

वावराच्या वाटा अजून बऱ्याचशा तशाच आहेत. पांदणींसाठी २०२१मध्ये मातोश्री योजना आली, काही ठिकाणी मुरूम पडला. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. आता मागचं मडगार्ड प्लास्टिकचं झालं. तडकलं की तापलेल्या तारेचे टाके घालून लोक ते घरीच शिवतात. पेरणीच्या दिवसांत अजूनही कितीतरी गाड्या पुढच्या मडगार्डाविना दिसतात. ती घरी, भिंतीला टांगलेली असतात.

परवा जुन्या गाड्या मूळ रूपात आणणारा पुतण्याचा एक मित्र राजदूत पाहायला आला. बाबांनी कापलेला शेपटाचा तुकडा मिळाला तर वेल्ड करून मडगार्ड पूर्ववत करता येईल, असं म्हणाला. तुकडा गोठ्यात होता. गेली कितीतरी वर्षं माय त्यात कोंबड्यांना दाणे टाकते. तिने द्यायला नकार दिला.